८.८ गुणांचा अपमान

नोव्हेंबर २००६. 'गेमस्पॉट' या अमेरिकी साइटवर जेफ गेर्स्टमन या समीक्षकाने 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेमला १० पैकी ८.८ गुण दिले. आवाज आणि ग्राफिक्स जुन्या वळणाचे आहेत, अशा काही तक्रारी सोडल्या तर त्याने गेमचं कौतुकच केलं होतं. तरी चाहते खवळले. ८.८ हा आकडा पुढे कित्येक वर्षं गेमर लोकांमध्ये विनोद म्हणून वापरला गेला. इंजिनिअरिंगला ७० टक्के पडले तरी आम्ही पेढे वाटायचो. इथे ८८ टक्के म्हणजे अपमान!

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. टेस्टरने बग दाखवला की डेव्हलपरचं तोंड वाकडं होतं, ते मी समजू शकतो; कोड त्याचा असतो. पण गेमच्या चाहत्याने तर एक ओळही लिहिलेली नसते. मग त्याला एवढं काय लागतं?

त्याने वाट पाहिलेली असते. हा झेल्डा पहिल्यांदा दिसला २००४च्या 'ई-थ्री' प्रदर्शनात. ट्रेलर बघून सभागृहातले लोक उभे राहून ओरडले होते. मग २००५मध्ये येणारा गेम एक वर्ष लांबला. शिवाय १९९८मध्ये याच मालिकेतल्या 'ऑकरिना ऑफ टाइम'ला गेमस्पॉटने पूर्ण १० दिले होते आणि जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकाने ४० पैकी ४०. फामित्सूमध्ये चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात. चौघांनीही पैकीच्या पैकी देण्याची ती पहिलीच वेळ. त्यामुळे 'ट्वायलाइट प्रिन्सेस'चा निकाल चाहत्यांनी मनात आधीच लावून ठेवला होता.

ही सवय लावली कुणी? १९९०च्या आसपास सेगाने अमेरिकेत निन्टेन्डोचं नाव घेऊन, त्याला हिणवणाऱ्या जाहिराती केल्या. घरात कन्सोल एकच यायचा, तोही आईवडिलांच्या मागे लागून. तो चुकीचा निघाला तर शाळेत तोंड दाखवायची पंचाईत. निन्टेन्डोने तर १९८८मध्ये 'निन्टेन्डो पॉवर' नावाचं स्वतःचंच मासिक काढलं. म्हणजे कुठला गेम चांगला, हे मुलांना सांगणारा आणि तो विकणारा एकच. बाजू घेणं ही काही पोरांची उपजत खोड नव्हती. ती पैसे खर्चून लावलेली सवय होती.

२००१मध्ये 'मेटाक्रिटिक' आलं आणि सगळ्या समीक्षांची मिळून एक सरासरी दिसू लागली. आता एका समीक्षकाचं मत म्हणजे आपल्या संघाच्या धावसंख्येतून वजा होणाऱ्या धावा. ही भीती अगदीच खुळी नव्हती. 'फॉलआउट: न्यू वेगास' (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता. मिळाले ८४. पण अशी अट घातली होती प्रकाशकाने, आणि शिव्या खातो तो समीक्षक.

गेर्स्टमनच्या बाबतीत दुसऱ्या बाजूने काय होतं, तेही वर्षभरात दिसलं. नोव्हेंबर २००७मध्ये त्याने 'केन अँड लिंच'ला ६ गुण दिले. त्या वेळी गेमस्पॉटवर याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. या दोन गोष्टींचा संबंध होता, हे त्याला उघडपणे बोलता आलं ते २०१२मध्ये. या वेळी मात्र वाचक त्याच्या बाजूने चिडले. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. समीक्षकाने गप्प बसावं असं जाहिरातदाराला वाटतं, त्यामागे निदान त्याचा धंदा असतो. चाहता तेच काम फुकटात करतो.

डिसेंबर २०२०मध्ये हे टोकाला गेलं. 'सायबरपंक २०७७'ची घोषणा २०१२ची. बाजारात येण्याआधीच ८० लाख लोकांनी पैसे भरले होते. गेमस्पॉटच्या समीक्षिकेने बग आणि कथेतल्या उणिवा दाखवत ७ गुण दिले आणि तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. गेम अजून विक्रीला आलेलाही नव्हता. 'गेम इन्फॉर्मर'च्या एका समीक्षिकेला फिट्सचा आजार. गेममधल्या लुकलुकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते, असा इशारा तिने दिला, तर काही जणांनी तिला मुद्दाम तसेच लुकलुकते व्हिडिओ पाठवले. तिने तर गेमला नावंही ठेवली नव्हती. इतरांचा जीव सांभाळायला सांगितलं होतं.

कंपनीने समीक्षकांना आधी दिली होती ती फक्त पीसीवरची प्रत, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायलाही त्यांना मनाई होती. १० डिसेंबरला गेम आला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. प्लेस्टेशन ४वर तो कसा चालतो, हे पैसे भरलेल्यांना कळलं ते गेम सुरू केल्यावरच.