विभक्तीकडून प्रिपोझिशनकडे : कोल्हापुरातील इंग्रजी अध्यापनाचा एक धागा

इंग्रजीतील अनेक क्रियापदांना आणि विशेषणांना ठरावीक शब्दयोगी अव्ययच लागते. 'डिपेंड'नंतर 'ऑन', 'अफ्रेड'नंतर 'ऑफ', 'सुपीरिअर'नंतर 'टू' हे जोड रूढीने पक्के झालेले असून केवळ अर्थाचा विचार करून ते दर वेळी ओळखता येत नाहीत. नामाचा किंवा सर्वनामाचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवणारे हे अव्यय मराठीत नामानंतर येते व त्याला जोडून लिहिले जाते, तर इंग्रजीत ते नामाआधी सुटे उभे राहते आणि म्हणूनच तेथे त्याला प्रिपोझिशन, म्हणजे आधी ठेवलेला शब्द, असे नाव आहे. मराठी विद्यार्थ्याला हे जोड कसे शिकवावेत, या प्रश्नाला कोल्हापूर परिसरातील शिक्षणात गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोल्हापुरात इंग्रजी शाळा सुरू झाली. महादेव गोविंद रानडे यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण येथेच झाले आणि १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्यांचा समावेश होता. १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाल्यावर संस्थानातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाचा आरंभ घरच्या गावी करता येऊ लागला. मात्र मॅट्रिक, महाविद्यालय आणि सरकारी नोकरी या तिन्ही पायऱ्यांवर इंग्रजी शुद्ध लिहिण्याची कसोटी त्याच्यापुढे उभीच होती.

त्या काळी मराठी मुलाच्या हाती इंग्रजी आली ती मुख्यतः भाषांतराच्या वाटेने. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण असून अनेक पिढ्या तिच्यावर पोसल्या गेल्या. नियम, शब्दांचे अर्थ आणि मग दोन्ही भाषांत उलटसुलट करावयाची वाक्ये, या मांडणीत 'ला' म्हणजे 'टू', 'हून' म्हणजे 'फ्रॉम', 'चा' म्हणजे 'ऑफ', 'त' म्हणजे 'इन' आणि 'वर' म्हणजे 'ऑन' अशी समीकरणे विद्यार्थ्याच्या मनात सहज पक्की होत. पुष्कळ वाक्यांत ती चालतातही. 'त्याच्यावर अवलंबून' या रचनेला 'डिपेंड ऑन' हा पर्याय बिनचूक बसतो. परंतु 'तो माझ्यावर रागावला' याचे 'अँग्री ऑन मी', 'गणितात हुशार' याचे 'गुड इन मॅथेमॅटिक्स' आणि 'तिने त्याच्याशी लग्न केले' याचे 'मॅरीड विथ हिम' होते, ते याच समीकरणांमुळे. इंग्रजीला अनुक्रमे 'विथ' आणि 'ॲट' हवे असते, तर तिसऱ्या वाक्यात अव्ययाची गरजच नसते. 'माझी वाट पाहा' या वाक्यात अडचण उलट बाजूने येते, कारण 'वेट'नंतर लागणाऱ्या 'फॉर'ला जुळणारा प्रत्यय मराठी वाक्यात कोठेच सापडत नाही.

अव्ययाची निवड क्रियापद करते, ही कल्पना तत्कालीन कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला नवी मात्र नव्हती, कारण संस्कृतच्या तासाला तो नेमके हेच शिकत होता. संस्कृत व्याकरणात 'नमः'च्या योगाने चतुर्थी आणि 'सह'च्या योगाने तृतीया येते. जवळच्या पदामुळे येणाऱ्या अशा विभक्तीला उपपद विभक्ती म्हणतात. भयार्थक धातूंना पंचमी आणि क्रोधार्थक धातूंना चतुर्थी लागते, हेही पाणिनीने सूत्रांत बांधून ठेवले आहे. या शास्त्राला आधुनिक पाठ्यपुस्तकाचे रूप देणाऱ्यांपैकी वामन शिवराम आपटे हे कोल्हापूरच्याच राजाराम हायस्कुलात वाढलेले होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या या मुलाची हुशारी हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांनी हेरली आणि १८७३ मध्ये तो जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झाला. आपट्यांनी पुढे इंग्रजीतून लिहिलेल्या संस्कृत वाक्यरचनेच्या मार्गदर्शक पुस्तकात कोणत्या शब्दाला कोणती विभक्ती लागते याचा क्रमवार विचार आहे, आणि १८९० च्या त्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात धातूचा अर्थ देताना त्याच्या योगाने येणारी विभक्तीही नोंदवलेली दिसते. म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यासह शिकवण्याची दृष्टी संस्कृतच्या अध्यापनात पूर्णपणे रुळलेली असताना, इंग्रजीच्या तासाला तोच विद्यार्थी प्रत्ययाला प्रत्यय जुळवीत बसलेला असे.

या जुळवाजुळवीवर त्या पिढीचा एक उतारा होता, तो म्हणजे पाठांतर. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी उतारेच्या उतारे मुखोद्गत करण्याबद्दल प्रसिद्ध होते. परिच्छेद मुखोद्गत झाला की क्रियापद आणि त्यामागून येणारे अव्यय एकत्रच जिभेवर बसतात व निवडीचा प्रश्न उरत नाही. मात्र या मार्गाला दांडगी स्मरणशक्ती आणि भरपूर सवड लागे.

विसाव्या शतकात शिकणाऱ्यांचा वर्ग बदलला. शाहू महाराजांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या किंवा आधार दिलेल्या वसतिगृहांमुळे आणि १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशामुळे, ज्यांच्या घरात इंग्रजीचा गंधही नव्हता अशी ग्रामीण मुले हायस्कुलात येऊ लागली. त्यांना परीक्षेपुरते नेमके काही हवे होते आणि ते व्याकरणाच्या पुस्तकांनी पुरवले. आधी नेसफील्ड यांची व्याकरणे आणि पुढे १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात पूर्वी नोकरी केलेले पी. सी. रेन व त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांचे व्याकरण प्रचारात आले. 'रेन अँड मार्टिन' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकात नामे, विशेषणे आणि क्रियापदे त्यांना लागणाऱ्या अव्ययांनुसार गट पाडून दिलेली आहेत. सोबती शब्दांसह शिकण्याची दृष्टी अशा रीतीने इंग्रजीच्या तासालाही आली खरी, पण ती वाक्यापासून तुटलेल्या यादीच्या रूपात आली. आणि गाळलेल्या जागी योग्य अव्यय भरण्याच्या प्रश्नाने त्या यादीला परीक्षेत कायमचे स्थान दिले.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा प्रांताच्या धोरणानुसार इंग्रजीचा आरंभ आठवीवर ढकलला गेला होता. शिकण्याची वर्षे घटल्यामुळे थोडक्यात अधिक साधणारी पद्धत शोधणे भाग होते. नेमक्या या काळात कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे ते पुढे संचालक झाले आणि या संस्थेने देशभरच्या शिक्षकांना संरचना पद्धतीचे प्रशिक्षण दिले. संरचना म्हणजे वाक्याचा ठरलेला साचा. या पद्धतीत 'लुक ॲट', 'लिसन टू', 'वेट फॉर' हे जोड सुटे न शिकवता मर्यादित शब्दसंग्रहातील वाक्यांतून, सोप्याकडून कठिणाकडे जात, तोंडी सरावाने पक्के केले जातात. गोखल्यांच्या पिढीने पाठांतरातून जे साधले, तेच सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. तरीही स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत अव्ययांच्या याद्या आजही घोकल्या जातात आणि 'डिस्कस अबाउट', 'सुपीरिअर दॅन' ही रूपे लेखनात टिकून आहेत. याचे कारण केवळ निष्काळजीपणात शोधणे योग्य ठरणार नाही. नवी पद्धत आली तरी जुनी कधी पूर्णपणे गेली नाही; भाषांतराची समीकरणे, परीक्षेच्या याद्या आणि वाक्यांचे साचे एकावर एक साचत गेले. त्यांपैकी ज्या पद्धतींनी क्रियापद, अव्यय आणि नाम ही तिन्ही एकत्र ठेवली, त्यांनी भाषा दिली. ज्यांनी अव्यय वेगळे काढले, त्यांनी मुख्यतः गुण दिले. गुणांवरच पुढील प्रवेश आणि नोकरी अवलंबून असल्यामुळे, अधिक चांगली पद्धत माहीत असूनही यादीचे स्थान ढळले नाही.