ठिगळांची भिंत

व्हिक्टोरियन बांधकाम म्हटले की बोरीबंदर आठवते: घुमट, कमानी, दगडात कोरलेले पशुपक्षी. जवळपास त्याच काळात उभ्या राहिलेल्या खडकवासल्याच्या धरणाकडे मात्र वास्तू म्हणून सहसा कोणी पाहत नाही. रविवारी चौपाटीवर कणीस खाणारे पुणेकर तर नाहीच नाही. कर्नल फाइफ या इंजिनिअरने 1860च्या दशकाच्या अखेरीस मुठेवर सुरू केलेले हे काम. पुढे जलाशयालाही त्याचेच नाव मिळाले, लेक फाइफ. पण ही भिंत एकट्या फाइफच्या नकाशातून उतरलेली नाही. तिचा घाट तिच्यावर वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांनी घडवला, आणि तिची वास्तुकला वाचायची तर त्या ठिगळांतूनच वाचावी लागते.

सुमारे मैलभर लांबीची ही भिंत चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांची. ती एका रेषेत धावत नाही. तिचे सरळ तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि जिथे जशी उंची तशी प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी. अशी भिंत सांध्यावर दुबळी राहणार. म्हणून सांध्यांपाशी दगडी टेकू दिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा खालच्या अंगाला 30 फूट उंच आणि माथ्यावर 60 फूट रुंद असा मातीचा भराव लावला. दगडी धरणाने मातीच्या पाठीवर रेलावे, हा कबुलीजबाबच आहे. यावर कोणी म्हणेल, हे निव्वळ अज्ञान झाले. फ्रान्समध्ये फ्युरानचे धरण 1866 सालीच ताणांचे गणित मांडून बांधले गेले होते. आक्षेप खरा आहे. त्या गणितापुढे खडकवासल्याची भिंत अडाणी दिसते. पण चूक उमगल्यावर ती न लपवता तिला टेकू देणे, हीही कारागिरीच.

पुढचे ठिगळ जास्त हुशार. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात धरणातून निघणाऱ्या कालव्याला तेच कमी पडायचे. भिंत उंच करणे खर्चाचे. 1903 मध्ये इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की ते उघडत, उतरले की मिटत. भिंतीला हात न लावता साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला.

हे सगळे कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. हे पाणी शेतीइतकेच पुण्याच्या छावणीसाठीही होते, तेव्हा यात वास्तुकला कसली पाहायची, असे विचारता येईल. जोतीराव फुल्यांनी 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कालव्याच्या कारभारावर कोरडे ओढले आहेत: पाणीपट्टी वसूल होते, पाण्याची शाश्वती मात्र नाही. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने पाण्याची तोटी द्यावी, असे त्यांनी सुचवले. माझ्या लेखी हीही त्या बांधकामाचीच दुरुस्ती, आणि विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांपेक्षा मोलाची. फक्त ती बसवायला कोणी पुढे आले नाही. साठवणीचे दोष इंजिनिअरांना दिसत, वाटपाचे दिसत नसत.

12 जुलै 1961 रोजी भिंत फुटली. ‘बघा, ठिगळे टिकत नाहीत’ असे म्हणणे सोपे आहे. पण त्या सकाळी वरच्या अंगाचे, अर्धवट बांधलेले पानशेत धरण फुटले होते. एवढा लोंढा गृहीत धरून खडकवासला बांधलेच नव्हते. तरीही माथ्यावरून पाणी जात असताना भिंत दुपारपर्यंत उभी राहिली. फुटलेला भाग पुन्हा बांधला गेला. आता तिथे अकरा दरवाजे आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतून सुटणारे पाणी पुणेकर अजून फाइफच्या काळच्याच मापाने मोजतात: सेकंदाला इतके घनफूट, म्हणजे क्युसेक.