ट्रॅकर यंत्रांतील ध्वनिलेखन व पुष्पिकेची आवश्यकता

(१) पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान उलटतो. लेखकाचें नांव, शक, स्थळ आणि कोणत्या प्रतीवरून उतरली हें पुष्पिकेंत मिळतें. तीच फाटली असेल तर सुवाच्य व शुद्ध पोथीहि निराधार होते. हाच निकष ध्वनीच्या एका नव्या लेखनपद्धतीस लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें लेखन ट्रॅकर नांवाच्या यंत्रावर चालतें. रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे इ. स. १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टींतील खालूबाजाचे ध्वनि टिपून ठेवावे या इच्छेनें आम्हीं तें घेतलें, व गेलीं दोन वर्षें त्यावर ध्वनि घडविण्याचा अभ्यास करीत आहों. खालूबाजांतील सनई, ढोल व टिमकी वाजविणाऱ्यांची विद्या मुखानें व हातानेंच चालत आलेली आहे.

(२) यंत्रानें संगीत रचण्याचा उद्योग आपल्या प्रांतास नवा नाहीं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं इ. स. १९८२ मध्यें जपानी यंत्रांच्या साहाय्यानें दहा रागांची एक तबकडी काढली. परंतु तबकडी ऐकून राग ओळखतां येतो. त्यांतील ध्वनि कसा घडविला हें तिच्यावरून वाचतां येत नाहीं. ट्रॅकरचें वैशिष्ट्य हें कीं, तेथें घडविण्याची रीतच पानावर लिहिलेली असते. मूळचा ट्रॅकर हा संगणकावरील कार्यक्रम होय. कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन गृहस्थानें अमिगा नामक संगणकासाठीं तो इ. स. १९८७ त रचिला व त्यास अल्टिमेट साउंडट्रॅकर असें नांव दिलें. अमिगास एका वेळीं चार ध्वनि काढतां येत, म्हणून पानावर चार रकाने. पान वरून खालीं वाचावयाचें. त्यांत ओळी ६४. प्रत्येक घरांत स्वर, ध्वनीचा क्रमांक व एक आज्ञा. पुढें इ. स. २००० मध्यें स्वीडनच्या योहान कोट्लिन्स्की यानें गेम बॉय या मुलांच्या खेळण्यावर हीच पद्धति बसविली, आणि इ. स. २०२० त पोलंडच्या पॉलिएंड कंपनीनें केवळ याच कामाचें स्वतंत्र यंत्र बाजारांत आणिलें. आमच्याजवळ आहे तें हेंच. त्यांत रकाने आठ असून प्रत्येक घरांत दोन आज्ञा लिहितां येतात.

(३) जुन्या ट्रॅकरांतील आज्ञा षोडशाधारी अंकांत लिहीत. नऊनंतर दहा ते पंधरा या संख्यांस रोमन लिपींतील ए ते एफ हीं सहा अक्षरें योजिलेलीं आहेत. नवशिका येथें अडखळतो. पण मोडी दप्तरांतील जमाखर्च वाचणाऱ्यास अडखळण्याचें कारण नाहीं. सोळा आण्यांचा रुपया त्याच्या अंगवळणीं पडलेला असतो. ध्वनीची तीव्रता तेथें शून्य ते ६४ मोजीत, आणि इ. स. १९५७ पूर्वींच्या रुपयाचे पैसेहि ६४ च. तेव्हां षोडशाधारी ४० म्हणजे चार वेळां सोळा, पूर्ण रुपया. २० म्हणजे आठ आणे, अर्धी तीव्रता. ओळींचा हिशेबहि असाच सोपा आहे. त्रितालाच्या मात्रा सोळा. प्रत्येकीस चार ओळी दिल्या कीं ६४ ओळींच्या पानांत एक आवर्तन बरोबर बसतें. रूपकास मात्र पान २८ ओळींवर तोडावें लागतें.

(४) ध्वनि घडविण्याच्या मुख्य क्रिया थोड्या आहेत. टिमकीचा एक आघात एक सेकंद टिपला तर यंत्रांत ४४,१०० संख्या सांठतात. त्याच अर्ध्या वेगानें वाचल्या कीं ध्वनि एका सप्तकानें खालीं उतरतो व दुप्पट लांबतो. टिमकीचा जणूं ढोल होतो. सनईच्या लांब स्वरांतून १०० संख्यांएवढा तुकडा कापून तोच फिरवीत ठेवला, तर दर सेकंदास ४४१ फेरे होऊन एक अखंड सूर मिळतो. त्याच स्वराचा फुंकीचा आरंभ छाटून उरलेला भाग आम्हीं कांहीं जाणत्यांस ऐकविला, तेव्हां त्यांनीं तो पेटीचा सूर म्हणून सांगितला. वाद्याची ओळख त्याच्या आरंभाच्या अल्पशा क्षणांत किती सांठलेली असते, हें यावरून कळतें.

या क्रियांस आपल्या शास्त्रांत जुना आधार आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं श्रीकरणाधिप असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर रचिला. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो इ. स. १८९६-९७ त छापिला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायांत गायकाच्या आवाजाचे खाहुल, नाराट, बोम्बक व मिश्रक असे चार भेद आहेत. खाहुल स्निग्ध व मधुर; बोम्बक परुष व एरंडाच्या कांडासारखा पोकळ. यंत्रांतील गाळणीनें वरचे अंशस्वर कापले कीं ध्वनि खाहुलाकडे झुकतो. १६ अंशांची नोंद ८ अंशांवर आणिली कीं तो बोम्बकाप्रमाणें खरखरीत होतो. त्याच ग्रंथांत पंधरा गमकांची गणना असून कित्येकांचा वेग मोजून दिला आहे: तिरिपास द्रुताचा चतुर्थांश, कंपितास द्रुतार्ध, लीनास एक द्रुत, आंदोलितास एक लघु. लघूस सोळा ओळी धरल्यास आंदोलित १६, लीन ८, कंपित ४ व तिरिप २ ओळींचें होतें. शार्ङ्गदेवानें कंपाचा वेग दिला. ट्रॅकरच्या आज्ञेंत त्याजबरोबर खोलीचाहि अंक द्यावा लागतो. जुन्या ट्रॅकरांत ४८२ असें लिहिलें तर ४ म्हणजे कंप, ८ हा त्याचा वेग व २ ही त्याची खोली. हिशेबनीस शार्ङ्गदेवास हा रकाना परका वाटला नसता.

(५) येथवर साम्य झालें. आतां भेद पाहूं. विष्णु दिगंबर पलुस्कर व भातखंडे यांच्या स्वरलेखनांत स्वर व ताल असतो, ध्वनि नसतो. वाचणारानें आपला कंठ किंवा आपलें वाद्य आणावयाचें. ट्रॅकरच्या फाइलींत लेखनाबरोबर प्रत्यक्ष ध्वनीचे तुकडेहि बांधलेले असतात. यामुळें ती कोठेंहि उघडली तरी तोच ढोल वाजतो. पण तो ढोल कोणाचा, हें कोण सांगणार? नवल असें कीं, प्रारंभींच्या रचनाकारांनीं याची एक वाट आपोआप शोधिली. प्रत्येक तुकड्याच्या नांवासाठीं फाइलींत २२ अक्षरांची जागा राखलेली असे, व असे तुकडे पुढें ३१ पर्यंत ठेवतां येत. कित्येकांनीं या जागांत ध्वनीचें नांव न घालतां एकाखालीं एक आपलें नांव, मित्रांस नमस्कार व चोरी करणारास ताकीद लिहिली. ही शुद्ध पुष्पिकाच होय. अशा फाइलींच्या १०८० व्या स्थानीं एम. के. हीं अक्षरें असतात. तीं माहोनी व काक्टस या स्वीडिश जोडीचीं असें एक मत, तर मायकेल क्लेप्स याचीं असें दुसरें. अवघ्या तीस-चाळीस वर्षांत आद्याक्षरांवरून वाद उत्पन्न व्हावा, यांतच आम्हांस इशारा दिसतो.

(६) नांव हरपल्यानें काय होतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इ. स. १९६९ त अमेरिकेंतील विन्स्टन्स या मंडळीच्या एका गीतांत ग्रेगरी कोलमन यानें कांहीं सेकंद एकट्यानें नगारे वाजविले. तेवढाच तुकडा पुढें ट्रॅकरांतून व इतर यंत्रांतून हजारों रचनांत शिरला. कोलमन इ. स. २००६ त वारला. त्या हजारों रचनांचा मोबदला त्याच्या हातीं आला नव्हता. आपल्या किनाऱ्यावरील सनईवाल्याचा एक सूर उद्यां असाच निनांवी फिरूं लागला, तर त्यास कोण ओळखील? तो सूर पेटीचा म्हणून समजला जातो हें वर सांगितलेंच आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक ध्वनीच्या दोन प्रती असाव्या. पहिली मूळ, जशी टिपली तशी, कानामात्रा न बदलतां. दुसरी संस्कार केलेली. दुसरीसोबत कोणकोणते संस्कार केले याची क्रमवार याद असावी. मूळ प्रतीस पुष्पिका जोडावी: वाद्य, वादकाचें नांव व गांव, प्रसंग, दिनांक, टिपणाराचें नांव, वादकाची संमति व ती कोणत्या वापरापुरती. ही पुष्पिका यंत्रांत मावेल अशी आशा धरूं नये. नागरी लिपींतील प्रत्येक वर्णास व मात्रेस संगणकांत तीन स्थानें लागतात. त्या हिशेबानें जुन्या २२ स्थानांच्या जागेंत ‘सनई’ हा शब्द बसतो, पण ‘खालूबाजा’ हा २४ स्थानांचा असल्यामुळें बसत नाहीं. तेव्हां फाइलीबरोबर कागदाची वही ठेवणें प्राप्त आहे. वहीचा अनुक्रमांक तेवढा फाइलीच्या नांवांत घालावा.

ज्यांच्या संग्रहीं अलीबाग, रेवदंडा, मुरुड किंवा श्रीवर्धन या बाजूच्या वाद्यांचीं ध्वनिमुद्रणें, मग तीं जुन्या फितींवर कां असेनात, असतील त्यांनीं वादकांचीं नांवें आजच विचारून लिहून ठेवावीं. फीत पुढेंमागें दुसऱ्या यंत्रावर उतरवितां येईल. वादक वृद्ध झाले आहेत, आणि त्यांची नांवें सांगणारेहि वृद्धच आहेत.