समानार्थी शब्द, इंग्रजी
१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत मूळच्या शब्दांशेजारी फ्रेंच व लॅटिन शब्द रूढ होत गेले. ‘किंग्ली’, ‘रॉयल’ व ‘रीगल’ हे तीनही राजाविषयीचे. तथापि राजघराण्यास ‘रॉयल’ हेच विशेषण लागते, तर ‘रीगल’मध्ये डौल अभिप्रेत असतो. असे भेद नोंदविण्याची फ्रेंच पद्धती जॉन ट्रस्लरने १७६६ मध्ये इंग्रजीस लावली. हेस्टर पिओझी ह्या विदुषीने १७९४ मध्ये संभाषणातील शब्दनिवडीचा विचार केला. जॉर्ज क्रॅबचा कोश १८१६ मध्ये निघाला. पीटर मार्क रॉजेटने मात्र १८५२ च्या आपल्या कोशात शब्द अर्थगटांनुसार मांडले, भेद सांगितले नाहीत. निवड त्याने वाचकाच्या जाणिवेवर सोपविली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यास ही मोकळीक अडचणीचीच ठरते. त्याला १९४२ चा वेब्स्टरचा भेददर्शक कोश अधिक उपयोगी पडतो.