भिंतीतून एचडीएमआय केबल न्यायचीय? आधी पाइप मोजा

घराचं इंटिरियर सुरू झालं की इलेक्ट्रिशियन एक प्रश्न नक्की विचारतो, "साहेब, टीव्हीची वायर भिंतीतून घ्यायची का?" आपण आनंदाने हो म्हणतो. तो पाऊण इंची किंवा एक इंची पाइप टाकतो, गवंडी वरून गिलावा मारतो, रंगकाम होतं. दोन महिन्यांनी टीव्ही येतो, आपण एचडीएमआय केबल घेऊन बसतो आणि लक्षात येतं की केबल पाइपात आरामात जातेय, पण तिचं डोकं काही जात नाही.

विजेच्या वायरला हा त्रास नसतो, कारण तिला टोकाला काहीच नसतं. वायर ओढायची, सोलायची, स्क्रूखाली कसायची. लॅन केबलचंही तसंच, आधी केबल ओढतात आणि नंतर क्रिम्पिंग टूलने आरजे-45 कनेक्टर लावतात. एचडीएमआय मात्र कारखान्यातूनच दोन्ही टोकांना कनेक्टर घेऊन येते. म्हणून पाइपची साइज केबलच्या जाडीवर नाही, कनेक्टरच्या आकारावर ठरवावी लागते.

कापून जोडली तर?

हा सल्ला हमखास मिळतो. जुन्या व्हीजीए केबलच्या काळात तो चालायचाही. त्या कनेक्टरला 15 पिना, सिग्नल ॲनालॉग, त्यामुळे प्रोजेक्टर बसवणारे लोक नुसती केबल भिंतीतून ओढून टोकाला सोल्डरिंग करायचे. जोड थोडा कच्चा राहिला तर चित्र जरा धूसर दिसायचं, एवढंच.

एचडीएमआयमध्ये 19 पिना आहेत. आत चार पिळलेल्या जोड्यांमधून हायस्पीड डिजिटल सिग्नल धावतो. 4के रिझोल्युशन 60 हर्ट्झवर पूर्ण रंगांसह दाखवायचं तर केबलमधून जवळपास 18 गिगाबिट प्रति सेकंद इतका डेटा जातो. एवढ्या वेगात प्रत्येक जोडीचा पीळ, दोन तारांमधलं अंतर आणि शील्डिंग हे सगळं महत्त्वाचं असतं. मधे कापून, पीळ सोडून, टेप गुंडाळून जोडलेली केबल 1080पी कदाचित दाखवेलही, पण 4केला काळी स्क्रीन, पांढरे ठिपके किंवा दर दोन मिनिटांनी गायब होणारं चित्र मिळेल. आणि तो जोड गिलाव्याखाली असेल तर दुरुस्ती म्हणजे भिंत फोडणं. थोडक्यात, कापायची नाही.

आता गणित करू

व्हर्नियर नसेल तर पट्टी चालेल. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सला असतो तो मोठा एचडीएमआय कनेक्टर घ्या. धातूचा भाग जेमतेम 14 मिमी रुंद असतो, पण आपल्याला अडवतं ते त्यामागचं प्लास्टिकचं आवरण. ते कंपनीगणिक बदलतं. समजा तुमचं 21 मिमी रुंद आणि 11 मिमी जाड भरलं. गोल पाइपातून आयत जाण्यासाठी त्याचा कर्ण बसायला हवा. 21चा वर्ग अधिक 11चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 24 मिमी. दहावीचा पायथागोरस असा कामाला येतो.

बाजारात पाइप 20, 25, 32, 40, 50 मिमी असे मिळतात. पण हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. जाडी वजा केली की 25 मिमीच्या पाइपात आत साधारण 21 मिमी जागा उरते. म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला "एक इंची, भरपूर होतो" म्हणतो त्यातून वरचा 24 मिमीचा कनेक्टर जाणारच नाही. 32 मिमीच्या म्हणजे सव्वा इंची पाइपात आत साधारण 28 मिमी मिळतात. सरळ रेषेत काम झालं.

अडचण वळणावर येते. केबल वाकते, कनेक्टर वाकत नाही. आवरण आणि त्यामागची कडक मान मिळून 40 मिमी लांबीचा एक ठोकळा वळणातून न्यायचाय. अशा वेळी जास्तीची लागणारी जागा काढायचं ढोबळ सूत्र असं: ठोकळ्याच्या लांबीचा वर्ग भागिले वळणाच्या बाहेरच्या त्रिज्येची आठपट. लांब बेंडची ही त्रिज्या 80 मिमी धरली तर 1600 भागिले 640, म्हणजे 2.5 मिमी. 24 मध्ये मिळवा, 26.5 झाले. 28 च्या पाइपात कसंबसं जमेल. पण तिथे काटकोनातला छोटा एल्बो बसवला आणि त्रिज्या 35 मिमी निघाली, तर जवळपास 6 मिमी जास्त लागतात. 30 झाले. अडकलं!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एल्बो नको, लांब बेंडच वापरा. आणि शक्य असेल तर 40 मिमीचा, म्हणजे दीड इंची पाइप टाका. 32 मिमीमध्ये पहिली केबल जाईल, पण ती आत असताना साउंडबार किंवा गेमिंग कन्सोलसाठी दुसरी घालायची झाली तर जागा उरणार नाही. इलेक्ट्रिशियन कुरकुर करेल, कारण खाच रुंद आणि खोल मारावी लागते. करू द्या. दोन पाइपांच्या किमतीतला फरक भिंत पुन्हा फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

मोठा पाइप हवा याचं आणखी एक कारण आहे. एचडीएमआय 1.4 आलं 2009 मध्ये, 2.0 आलं 2013 मध्ये आणि 2.1 आलं 2017 मध्ये. दर वेळी वेग वाढला, 10.2 वरून 18 आणि मग 48 गिगाबिट. त्या काळात भिंतीत कायमची गाडलेली केबल आजच्या टीव्हीला पुरेलच असं नाही. पाइप मोकळा असेल तर जुनी केबल ओढून काढता येते आणि तिच्याच शेपटीला नवी बांधता येते.

भिंतच फोडता येत नसेल तर

मुंबई-पुण्यातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीचं बांधकाम असतं. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या या काँक्रीटच्या भिंती इमारतीचा भार घेतात. त्यात खाच मारणं म्हणजे आतल्या लोखंडाशी खेळणं. विटांच्या घरातही कॉलम-बीमला हात लावायचा नाही. अशा ठिकाणी टीव्हीमागचं लाकडी पॅनल, फॉल्स सीलिंग किंवा सरळ भिंतीवरची प्लास्टिकची पट्टी वापरा. पट्टी दिसायला फार सुंदर नसते, पण रंगवली की खटकत नाही.

बिल्डरने दिलेला बारीक पाइप आधीच भिंतीत असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, सुट्या डोक्याची ऑप्टिकल एचडीएमआय केबल. हिच्या टोकाला मायक्रो एचडीएमआय असतो, त्याचा धातूचा भाग 6 मिमीच्या आसपास रुंद. तो पाइपातून ओढायचा आणि बाहेर आल्यावर मोठं डोकं जोडायचं. घेताना आवरणाचं माप मात्र बघून घ्या. ही केबल एकाच दिशेने चालते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढलीत तर सगळं काम पुन्हा. लांब अंतरासाठीही हीच बरी, कारण साधी तांब्याची केबल 4के 60 हर्ट्झला पाचेक मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कॅट-6 केबल ओढून दोन्ही टोकांना एचडीबेसटीचे डबे लावणं. सिग्नल 100 मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ऑफिस आणि सभागृहांत हे जास्त दिसतं. घरासाठी महाग पडतं.

ओढताना

गिलावा होण्याआधीच पाइपात नायलॉनची दोरी टाकून ठेवा आणि नंतरही एक दोरी कायम आत राहू द्या. केबल आधी बाहेर जमिनीवर पसरून खऱ्या टीव्हीला आणि खऱ्या बॉक्सला जोडून तासभर चालवून बघा. मगच ओढा. दोरी कनेक्टरला बांधू नका. कनेक्टरच्या मागे फूटभर अंतरापासून केबलच्या अंगाला टेपने घट्ट गुंडाळा, म्हणजे ताण केबलवर येईल. कनेक्टरवर टोपी घालून तोही टेपने गुळगुळीत करा. दोन केबल एकत्र असतील तर त्यांची डोकी पुढेमागे ठेवा. अडकलं तर टाल्कम पावडर चालते, तेल किंवा ग्रीस नको. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पलीकडून सोडायचं. जोर लावून झटके देऊ नका.

आणि 230 व्होल्टची वायर याच पाइपातून घेऊ नका, कितीही जागा शिल्लक दिसली तरी. त्यात धोका जिवाचा आहे. टीव्हीसाठी त्याच्या मागेच वेगळ्या पाइपमधून प्लग पॉइंट घ्या. दोन्हीकडे पाइप जिथे उघडतो तिथे खोल बॉक्स बसवा, नाहीतर कनेक्टर बाहेर येऊन लगेच काटकोनात दुमडतो आणि टीव्हीच्या पोर्टवर ताण येतो.