गळ्यांतील ग्रंथि आणि रोग्याचे प्रश्न

गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपांखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिला थायरॉइड म्हणतात. तिचें वजन दोन तोळ्यांच्या आसपास. परंतु शरीराची वाढ, अंगांतील ऊब, नाडीचा वेग आणि बुद्धीची तरतरी हीं सर्व तिच्या स्रावावर अवलंबून असतात. या ग्रंथींत कर्करोग आहे असें ज्या दिवशीं डॉक्टर सांगतात, त्या दिवशीं घरांतील माणसें बहुधा तो एकच शब्द ऐकतात. पुढचें बोलणें कानांवरून जातें, आणि घरीं परतल्यावर लक्षांत येतें कीं, विचारावयाचें तें विचारावयाचें राहूनच गेलें.

न विचारण्याच्या या संवयीला भीतीइतकाच इतिहासही कारण आहे. १९६१ सालीं शिकागो येथील डॉक्टरांना विचारलें असतां, कर्करोग झाल्याचें रोग्यास न सांगणेंच बरें, असें शेंकडा ९० जणांनीं सांगितलें. १९७९ सालीं अमेरिकेंत तोच प्रश्न पुन्हां विचारला गेला, तेव्हां शेंकडा ९७ डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत मात्र अजूनही डॉक्टरांशीं बोलणारे निराळे आणि रोग सोसणारा निराळा अशी स्थिति आढळते. या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला म्हणजे ही स्थिति किती महाग पडते, हें कळून येतें.

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलखांत अन्नपाण्यांतून आयोडीन फारसें मिळत नसे, त्यामुळें गलगंडाचे रोगी तेथें पुष्कळ. बर्न शहरीं थिओडोर कोखर हे १८७२ पासून शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक होते. रक्तस्राव आणि जंतुदोष यांमुळें पूर्वीं प्राणघातक ठरलेली गलगंडाची शस्त्रक्रिया त्यांनीं इतकी सुरक्षित केली कीं, पुढें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एकाहूनही खालीं आलें. १८७४ च्या जानेवारींत त्यांनीं अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथि काढली. जखम उत्तम भरली. परंतु पुढें त्या खेळकर मुलीची वाढ खुंटली, चेहरा सुजल्यासारखा झाला आणि बुद्धि मंदावली. १८८२ सालीं जिनेव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हर्दँ यांनीं आपल्या रोग्यांचा असाच अनुभव कोखर यांच्या कानीं घातला. तेव्हां कोखर यांनीं आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलाविलें. ज्यांची ग्रंथि समूळ काढली होती, त्यांपैकीं १८ जणांची तपासणी झाली. १६ जणांत तीच अवकळा दिसली. १८८३ सालीं त्यांनीं हें सर्व जाहीर केलें, आणि कर्करोगाखेरीज इतर कारणासाठीं संपूर्ण ग्रंथि काढणें वर्ज्य मानलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि त्यांच्या हातचें कौशल्य जें नऊ वर्षें दाखवूं शकलें नाहीं, तें रोग्यांना पुन्हां भेटून विचारपूस केल्यावर दिसलें.

म्हणून रोग्याचा पहिला प्रश्न हाच कीं, ग्रंथि सगळी काढावयाची कीं अर्धी, आणि कां? कर्करोग म्हणजे समूळ उच्छेद, ही समजूतही आतां पूर्वींसारखी राहिलेली नाहीं. चार सेंटिमीटरपर्यंतची, ग्रंथीबाहेर न पसरलेली, कमी धोक्याची गांठ असेल तर अर्धी ग्रंथि काढूनही भागूं शकतें, हें अमेरिकन थायरॉइड संघटनेनें २०१५ सालच्या आपल्या नियमांत मान्य केलें.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. ग्रंथीच्या पाठीमागून स्वरयंत्राकडे जाणारे दोन बारीक मज्जातंतु जातात. ते कापले कीं प्राण्याचा आवाज बंद होतो, हें दुसऱ्या शतकांत रोम येथें गेलेननें दाखविलें होतें. तेथेंच तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथि असतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शरीरांत रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथि प्रथम दिसली. माणसांतील ग्रंथींचें वर्णन अप्साला येथील सांडस्ट्रोम यांनीं १८८० सालीं केलें. त्यांचें कार्य ठाऊक नसल्यामुळें व्हिएन्ना येथें बिलरोट यांच्या कांहीं रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर हातापायांत भयंकर पेटके येत. रक्तांतील कॅल्शियम उतरल्यामुळें तें होतें, हें नंतर समजलें. तेव्हां आवाज आणि कॅल्शियम यांना धोका किती, आणि शस्त्रवैद्य अशा शस्त्रक्रिया वर्षाकाठीं किती करतात, असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

ग्रंथि गेल्यावर पुढें काय, याचें उत्तर न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनीं १८९१ सालीं दिलें. ग्रंथि निकामी झालेल्या एका स्त्रीला त्यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचला, आणि ती स्त्री पुढें २८ वर्षें जगली. १९१४ सालीं अमेरिकेंत केंडॉल यांनीं त्या स्रावांतील थायरॉक्सिन वेगळें काढलें. आज तीच वस्तु लहानशा गोळीच्या रूपानें सकाळीं उपाशीपोटीं घेतां येते. मात्र ती जन्मभर घ्यावी लागेल काय, तिची मात्रा कोणत्या तपासणीवरून ठरेल, हें आधींच समजून घ्यावें.

तिसरी कथा तर प्रश्नांतूनच जन्मली. १९३६ च्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचें व्याख्यान झालें. तें संपल्यावर सोल हर्ट्‌झ या तरुण डॉक्टरानें विचारलें कीं, आयोडीन कृत्रिम रीतीनें किरणोत्सर्गी करतां येईल काय? थायरॉइड आयोडीन शोषून घेते. मग तेंच किरण घेऊन आंत गेलें तर? या विचारांतून १९४१ सालीं ग्रंथीच्या अतिरेकी स्रावावर उपचार सुरू झाला, आणि १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या सायडलिन प्रभृतींनीं शरीरांत पसरलेल्या थायरॉइड कर्करोगावरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. मुंबईंत १९६३ सालीं परळ येथें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. तरीही हें औषध प्रत्येकास लागतेंच असें नाहीं. तें कोणत्या कारणासाठीं द्यावयाचें, घरांतील लहान मुलांपासून किती दिवस दूर राहावें, हें विचारावें. गर्भारपण किंवा अंगावरचें मूल असेल तर तें सांगावेंच, कारण त्या स्थितींत हें औषध देत नाहींत.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: शस्त्रक्रिया आतांच हवी काय? दक्षिण कोरियांत १९९९ नंतर ध्वनिलहरींच्या यंत्रानें निरोग्यांचेही गळे सर्रास तपासले जाऊं लागले. १९९३ च्या मानानें २०११ सालीं थायरॉइड कर्करोगाचे रोगी पंधरापट झाले. त्यानें होणारे मृत्यु होते तितकेच राहिले. उलट जपानांत कोबे येथील कुमा रुग्णालयांत मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याच्या जागीं नसलेल्या पॅपिलरी गांठींवर केवळ नजर ठेवण्यांत आली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें अशा १,२३५ रोग्यांपैकीं एकही या रोगानें दगावला नाहीं. हा दिलासा सर्वांना लागू नाहीं. थायरॉइडचा कर्करोग एकच नसतो: पॅपिलरी व फॉलिक्युलर हे बहुधा संथ असतात, मेड्युलरी कधीं कधीं घराण्यांत चालत येतो, आणि अ‍ॅनाप्लास्टिक फार वेगानें वाढतो.

यास्तव डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं एका कागदावर चार ओळी लिहाव्या: प्रकार कोणता, गांठ केवढी व कोठवर पसरली, ग्रंथि किती काढावयाची, पुढें काय घ्यावयाचें. सोबत तपासणीचे कागद, चालू औषधांची यादी आणि ऐकून टिपून घेणारें एक माणूस असावें; नात्यांत कोणास असा रोग झाला असल्यास तेंही सांगावें. शेवटीं आपणांस काय समजलें तें डॉक्टरांनाच परत सांगून पाहावें. चूक असेल तर ती तेथल्या तेथें दुरुस्त होते. आणि तो कागद, शक्य असेल तर, ज्याच्या गळ्यांत गांठ आहे त्याच्याच हातीं असावा.