मुळशीचे पाणी आणि वऱ्हाडचे ऊन

विसाव्या शतकाच्या आरंभी अकोला व अमरावती येथील पेठांतून वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईच्या गिरण्यांकडे जात असे. त्या गिरण्यांस कोळशाऐवजी स्वस्त वीज मिळावी, या हेतूने टाटांनी सह्याद्रीतील पाणी अडविण्याचे योजिले. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले; पुढे पुणे जिल्ह्यात मुळशी येथे धरणाचा बेत ठरला. धूर नाही, राख नाही, आणि पाऊस तर दरवर्षी येणारच. योजना सर्वथा निर्दोष भासावी अशी होती. परंतु त्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची आंबेमोहोराची खाचरे बुडणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यास तेथील मावळ्यांच्या संमतीची गरजच नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी; याच लढ्याने बापटांस 'सेनापती' ही पदवी मिळाली. मावळ्यांच्या बायकाही तुरुंगात गेल्या. तथापि पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. वाढीव मोबदल्याची आशा दिसताच त्यांनी लढ्याकडे पाठ फिरविली, आणि कसणारा एकटा पडला. १९२४ अखेर लढा मावळला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

मुळशीचा खरा बोध येथेच आहे. वीज मुंबईस हवी होती, हे खोटे नव्हे. पण मोबदला कागदावरील नावास मिळाला आणि विस्थापन हातातील नांगरास आले.

आज वऱ्हाडचे ऊन वीज देऊ लागले आहे. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. येथे खातेदार आपली जमीन राजीखुशीने भाड्याने देऊ शकतो. मुळशीच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. परंतु याच योजनेस सरकारी व गायरान जमिनीही दिल्या जातात. गायरानावर गुरे चारणारा धनगर, भूमिहीन मजूर वा पारधी यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्यांना भाडे कोण देणार? ग्रामसभेत त्यांचा शब्द आधी ऐकला जावा, हे मुळशीचे ऋण अद्याप फिटावयाचे आहे.